दालचिनीचा पुल-अपार्ट ब्रेड: गोडवा पिठात नको, फटींत हवा

लादीपावाला सुरी लागत नाही. ट्रेमध्ये गोळे एकमेकांना खेटून ठेवलेले असतात. भट्टीत त्यांना वरून आणि खालून साल धरते, पण जिथे गोळ्याला गोळा टेकलेला असतो तिथे कोरडी आच पोहोचत नाही. त्या बाजू पांढऱ्या आणि लुसलुशीत राहतात, थोडं ओढलं की सुट्या होतात. बेकरीच्या काचेआड पुल-अपार्ट ब्रेड म्हणून मांडलेला दालचिनीचा गोड ब्रेड याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच की त्यात दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत बटर, साखर आणि दालचिनी भरलेली असते. त्यामुळे तो पावापेक्षाही सहज सुटतो आणि प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी गोडवा लागलेला असतो.

या ब्रेडचं एक जुनं घराणं हंगेरीतलं. तिथे अरान्यगलुश्का नावाचा पदार्थ करतात. यीस्टच्या पिठाचे छोटे गोळे वितळलेल्या बटरमध्ये बुडवायचे, अक्रोडाचा कूट आणि साखरेत घोळवायचे आणि भांड्यात रचून भाजायचे. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो सोबत नेला. तिथे अक्रोडाची जागा हळूहळू दालचिनीनं घेतली आणि पदार्थाला मंकी ब्रेड हे नाव पडलं. 1980च्या दशकात नॅन्सी रेगन व्हाइट हाउसच्या नाताळच्या जेवणात तो ठेवत असत, तेव्हा त्याची चर्चा आणखी वाढली. गोळ्यांऐवजी पिठाचे चौकोनी तुकडे लोफच्या टिनमध्ये उभे रचण्याची पद्धत आज तितकीच लोकप्रिय आहे. या लेखात एकाच पिठातून दोन्ही आकार कसे करायचे ते पाहू.

आधी कारण, मग कृती

घरी केलेला गोड ब्रेड दगड होतो त्यामागे एक कारण वारंवार दिसतं: सगळी साखर, सगळं बटर आणि सगळा स्वाद मळतानाच पिठात घालण्याची घाई. गोड ब्रेड म्हणजे गोड पीठ, असा आपला समज असतो. पण यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि आपल्याला आवडणाऱ्या या तिन्ही गोष्टी त्याच्या कामात अडथळा आणतात.

साखर थोडी असेल तर यीस्टला ती चालते, खाद्य म्हणून लागतेही. पण मैद्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे ती गेली की पाणी स्वतःकडे ओढू लागते. यीस्टच्या पेशींना पाणी कमी पडतं आणि फुगण्याचा वेग घसरतो. बटर मैद्यातल्या प्रथिनांवर चढून बसतं. मग प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंफून ग्लुटेनचं जे जाळं तयार व्हायला हवं ते नीट तयार होत नाही, आणि हवा धरून ठेवणारं तेच जाळं असतं. राहिली दालचिनी. तिच्या वासाचा मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड हा बुरशीला रोखणारा आहे आणि यीस्ट हे बुरशीच्याच कुळातलं. पिठात दोन-तीन चमचे दालचिनी मिसळली तर ब्रेड फुगायला बराच जास्त वेळ घेतो, कधी कधी पुरता फुगतच नाही.

पुल-अपार्टच्या रचनेत या अडचणीचं उत्तर आधीच आहे. पीठ बऱ्यापैकी साधं ठेवायचं, यीस्टला मोकळेपणानं काम करू द्यायचं आणि गोडवा, स्निग्धपणा, मसाला हे सगळं तुकड्यांच्या मधल्या फटींत भरायचं. खाणाऱ्याला ब्रेड भरपूर गोड लागतो, यीस्टला मात्र त्याची झळ लागत नाही. पुढच्या प्रत्येक प्रमाणामागे हाच हिशोब आहे.

साहित्य

हे प्रमाण 9 इंच लांब लोफ टिनसाठी किंवा 8 इंची खोल गोल टिनसाठी आहे. आठ जणांना चहाबरोबर पुरतं.

पिठासाठी:
- मैदा 350 ग्रॅम (सुमारे पावणेतीन कप)
- कोमट दूध 220 ते 240 मिलिलिटर
- साखर 35 ग्रॅम (पाव कपापेक्षा थोडी कमी, पण वजन केलेलं बरं)
- इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम (सपाट पावणेदोन छोटे चमचे)
- मीठ 5 ग्रॅम (सपाट एक छोटा चमचा)
- मऊ बटर 45 ग्रॅम

फटींत भरण्यासाठी:
- वितळवलेलं बटर 60 ग्रॅम
- ब्राउन शुगर किंवा साधी साखर 100 ग्रॅम
- दालचिनीची बारीक पूड 8 ग्रॅम (तीन छोटे चमचे)
- मैदा एक छोटा चमचा
- मीठ एक चिमूट

वरून ओतायला, हवं असल्यास: आयसिंग शुगर 60 ग्रॅम आणि दूध दोन ते तीन छोटे चमचे.

ही कृती बिनअंड्याची आहे. अंडं चालत असेल तर एक अंडं घाला आणि दूध 180 मिलिलिटरवर आणा. ब्रेडला पिवळसर रंग येतो आणि दुसऱ्या दिवशीही तो जरा मऊ राहतो.

सामानाबद्दल थोडं

मैदा वजनावर घ्या. तोच कप चाळून भरला तर 120 ग्रॅम भरतो आणि डब्यात दाबून भरला तर 150. तीन कपांत हा फरक जवळजवळ शंभर ग्रॅमचा होतो, आणि तेवढ्यानं मऊ ब्रेडचा घट्ट ब्रेड होतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा या एका कामासाठीही वसूल होतो.

यीस्ट दोन प्रकारचं मिळतं. इन्स्टंट यीस्ट बारीक दाण्यांचं असतं आणि थेट मैद्यात मिसळता येतं. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात. ते कोमट दुधात चिमूटभर साखरेबरोबर दहा मिनिटं भिजवून, वर फेस आल्यावरच घालायचं. पाकीट कोणतंही असो, ते फोडून महिना उलटला असेल तर हीच फेसाची परीक्षा आधी घ्या. फेस आला नाही तर ते यीस्ट फेकून द्या. ते पुन्हा जागं होणार नाही. उरलेलं चांगलं यीस्ट हवाबंद बरणीत फ्रीझरमध्ये ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं.

दूध आपल्याकडे उकळूनच ठेवलं जातं, ते इथे फायद्याचं ठरतं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेनचं जाळं सैल करतात. दूध उकळलं की त्यांचा तो गुण जातो. फक्त वापरण्याआधी ते कोमट झालेलं असावं, म्हणजे करंगळी बुडवली तर ना गरम लागावं ना गार. साधारण 55 अंश सेल्सिअसच्या पुढे यीस्ट मरू लागतं, त्यामुळे दूध गरम असण्यापेक्षा गार असलेलं केव्हाही चांगलं. गार दुधानं फक्त वेळ लागतो. मुंबईच्या मे महिन्यात तर दूध कोमट करायचीही गरज नाही, ओट्यावरचं दूध तसंच घ्या.

बाजारात सहज मिळणारं बटर खारवलेलं असतं. ते वापरत असाल तर पिठातलं मीठ एक ग्रॅमनं, म्हणजे सुमारे पाव छोट्या चमच्यानं, कमी करा आणि सारणातली चिमूट वगळा. मीठ मात्र पूर्ण सोडू नका. ते चवीपुरतं नसतं. यीस्टला आवर घालतं आणि पिठाला ताण देतं. सारणाला बटरऐवजी तूप वापरायचं असेल तर 50 ग्रॅम पुरे. बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो.

आता दालचिनी. किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, एकाच थराची साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, ठिसूळ असते. कागदासारखे अनेक थर एकात एक गुंडाळलेले दिसतात आणि बोटांनी ती चुरते. कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून दालचिनी घेतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ नावाची तिची जात विकसित केली आहे. कोकणातून ओळखीच्या माणसाकडून साल मिळत असेल तर तीच घ्या. कॅशियाचा वास उग्र आणि तिखट, खऱ्या दालचिनीचा मंद आणि गोडसर. या ब्रेडला दोन्ही चालतात. खरी दालचिनी असेल तर एक छोटा चमचा वाढवा.

पूड घरी करायची असेल तर साल मोडून तव्यावर फक्त गरम करा, भाजू नका, कारण वासाचं तेल उडून जातं. गार झाल्यावर मिक्सरमधून काढा आणि बारीक गाळणीनं गाळा. न गाळलेली पूड मऊ ब्रेडमध्ये दाताखाली कचकचते.

मळणं

परातीत मैदा, साखर, यीस्ट आणि मीठ कोरडंच एकत्र करा. 220 मिलिलिटर दूध घालून चमच्यानं ढवळा. कोरडं पीठ उरलं तर बाकीचं दूध चमच्याचमच्यानं घाला. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरून असतो, तेव्हा बहुधा 220 मध्येच भागतं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पूर्ण 240 लागू शकतं. हे ओबडधोबड पीठ झाकून पंधरा मिनिटं ठेवून द्या. तेवढ्यात मैदा दूध पिऊन घेतो आणि पुढचं निम्मं मळणं वाचतं. बटर अजून बाजूलाच.

आता मळायला घ्या. पहिली तीन-चार मिनिटं पीठ हाताला, बोटांना, परातीला सगळीकडे चिकटतं. वर थोडा मैदा भुरभुरावा असा मोह इथेच होतो. तो टाळा. तळहाताच्या मुळानं पीठ पुढे लोटायचं, बोटांनी घडी घालून मागे आणायचं, परात थोडी फिरवायची आणि पुन्हा लोटायचं. सातव्या-आठव्या मिनिटाला पीठ परात सोडू लागतं आणि गोळा अखंड दिसतो. मग मऊ बटर दोन-तीन वेळा करून घाला. पहिल्यांदा सगळं बिघडल्यासारखं वाटतं. गोळा घसरतो, फाटतो, तुपकट होतो. मळत राहा. दोन-तीन मिनिटांत बटर आत शिरतं आणि पीठ पुन्हा एक होतं, आधीपेक्षा चकचकीत. पुरणपोळीची कणीक तेल लावून तिंबल्यावर जशी सैल आणि लवचिक लागते तसं हे पीठ हाताला लागायला हवं.

झालं की नाही ते पाहायला लिंबाएवढा तुकडा तोडा आणि चारही बाजूंनी बोटांवर हळूहळू ताणा. न फाटता इतका पातळ पडदा झाला की पलीकडची बोटं अंधुक दिसतात, तर मळणं पुरे झालं. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटं मळा. हातानं एकूण बारा ते पंधरा मिनिटं लागतात, स्टँड मिक्सरमध्ये मध्यम गतीवर आठ-दहा.

पहिलं फुगणं

गोळ्याला तेलाचा हात लावा, खोलगट भांड्यात ठेवा आणि वर ताटली किंवा ओलं फडकं झाका. आता घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष द्या. तेच पीठ मुंबई-रत्नागिरीच्या दमट उकाड्यात पाऊण तासात दुप्पट होतं आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या थंडीत दोन तास घेतं. थंडीत बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडं ठेवा, किंवा शेजारी उकळत्या पाण्याची वाटी ठेवून दार लावा. ओव्हन मात्र चालू करू नका.

दुप्पट झालं का ते डोळ्यांना नेमकं कळत नाही. बोट पिठात बुडवून दीड सेंटिमीटर खड्डा पाडा. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. तसाच राहिला किंवा अगदी किंचित भरला तर पीठ तयार. खड्ड्याभोवतीचं पीठ खाली बसलं तर उशीर झाला. घाबरू नका, हवा काढून पुढे जा, फक्त दुसरं फुगणं थोडं कमी वेळ ठेवा.

रचणं

पीठ फुगत असतानाच सारण करून ठेवा. साखर, दालचिनी, मैदा आणि मीठ एकत्र करा. बटर वितळवून कोमट होऊ द्या. सारणात चमचाभर मैदा कशाला, असं वाटेल. भट्टीत साखर आणि बटरचा पाक होतो आणि तो टिनच्या तळाशी उतरू पाहतो. हा मैदा त्याला थोडा दाटपणा देतो आणि पाक फटीतच राहतो.

टिनला बटर लावा आणि बटर पेपरची एक पट्टी अशी घाला की तिची दोन टोकं टिनच्या बाहेर येतील. नंतर ब्रेड उचलायला ती लागतील.

चौकोनी तुकड्यांचा लोफ: ओट्यावर किंचित मैदा भुरभुरून पीठ 50 बाय 30 सेंटिमीटर लाटा. पीठ मागे सरकत असेल तर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा लाटा. ताणून जबरदस्ती केली तर ते भाजताना आकसतं. वर सगळीकडे वितळलेलं बटर ब्रशनं लावा, अगदी कडांपर्यंत. जिथे बटर नाही तिथे थर एकमेकांना चिकटून बसतात. मग साखर-दालचिनी सारखी पसरा आणि हातानं हलकं दाबा. लांब बाजूचे सहा समान भाग करून सहा पट्ट्या कापा. त्या एकावर एक ठेवा आणि या थप्पीचे पुन्हा सहा भाग करा. आता सहा-सहा थरांचे सहा गठ्ठे झाले. टिन एका बाजूवर जरा तिरका टेकवा आणि गठ्ठे कापलेली कड वर येईल असे उभे, एकामागे एक लावत जा. शेवटचा गठ्ठा लावल्यावर टिनमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहायला हवी. फुगल्यावर ती भरते. सगळं गच्च बसत असेल तर दोन तुकडे काढून वाटीत वेगळे भाजा. कोंबून भरलेला ब्रेड मध्ये कच्चा राहतो.

गोळ्यांचा ब्रेड: पीठ 20 ते 22 ग्रॅमच्या गोळ्यांत वाटा, तीसेक गोळे होतात. प्रत्येक गोळा बटरमध्ये बुडवा, जास्तीचं बटर निथळू द्या, साखर-दालचिनीत घोळवा आणि गोल टिनमध्ये सैलसर रचा. लहान मुलांना बरोबर घेऊन करायचा असेल तर हाच आकार घ्या.

दुसरं फुगणं

टिन झाका. उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत एक तास किंवा जास्त. पीठ टिनच्या कडेच्या बोटभर खाली आलं आणि हलक्या बोटाचा ठसा सावकाश भरून येतो, पण पूर्ण भरत नाही, तर ओव्हनची वेळ झाली. इथे घाई केली तर ब्रेड भट्टीत एकदम उसळतो आणि थर वेडेवाकडे होतात. फार उशीर केला तर मधोमध खाली बसतो.

ओव्हन निदान पंधरा मिनिटं आधी लावा.

भाजणं

या ब्रेडमध्ये खरा धोका भाजण्यात आहे. वरच्या कडांवर साखर आणि बटर असतं, त्या वीस मिनिटांत तांबूस होतात. आतले थर मात्र बटरनं ओले आणि एकमेकांना खेटून बसलेले असल्यामुळे आच तिथे सावकाश पोहोचते. वरचा रंग पाहून ब्रेड बाहेर काढला तर मधले चार-पाच तुकडे चिकट, कच्चे निघतात.

ओटीजीत दोन्ही कॉइल चालू ठेवून 175 अंशांवर, खालून दुसऱ्या खाचेत टिन ठेवा, म्हणजे ब्रेडचा माथा वरच्या कॉइलपासून दूर राहील. पंखा चालू असेल किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर 160 अंश. खालच्या खाचेत एक ट्रे सरकवा. पाक ओघळला तर त्यात पडेल, कॉइलवर पडून धूर होणार नाही. वीस मिनिटांनी वर फॉईल सैल झाका. एकूण 32 ते 40 मिनिटं लागतात.

झाला की नाही ते मध्यभागी तपासा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या थरांत 90 अंश सेल्सिअस दिसायला हवेत. नसेल तर मधले दोन तुकडे सुरीच्या टोकानं जरा विलग करा आणि तळाकडे पाहा. पीठ पिवळट आणि ओलसर चकाकत असेल तर फॉईलखाली आणखी सात-आठ मिनिटं. पांढरं, कोरडं आणि जाळीदार असेल तर बाहेर काढा. विणायच्या सुईची परीक्षा इथे फसवते, कारण सुई पाकातून जाते आणि पूर्ण भाजलेल्या ब्रेडमधूनही ओलीच निघते.

टिनमध्येच पंधरा मिनिटं राहू द्या, मग पेपरच्या टोकांना धरून उचला. लगेच काढला तर ब्रेड मोडतो. अर्धा-पाऊण तास टिनमध्येच ठेवला तर पाक घट्ट होऊन तळाला चिकटतो. आयसिंग करायचं असेल तर साखरेत चमच्याचमच्यानं दूध घालून धार पडेल इतपत पातळ करा आणि ब्रेड कोमट असताना ओता.

बिघडलं तर कुठे पाहायचं

*पीठ दोन तासांतही हललं नाही.* दूध जास्त गरम होतं किंवा यीस्ट जुनं होतं. थंडी असेल तर आधी भांडं उबेला ठेवून आणखी तासभर वाट पाहा. तरीही काही नाही झालं तर चमचाभर कोमट दुधात थोडं ताजं यीस्ट विरघळवून त्या पिठात मळा. पीठ वाया जात नाही.

*ब्रेड फुगला, पण कोरडा आणि भुसभुशीत झाला.* मळताना वरून मैदा पडला असेल किंवा मैदा कपानं मोजला असेल. पुढच्या वेळी वजन करा आणि हाताला मैद्याऐवजी तेल लावा.

*सगळी साखर तळाला साचून कडक झाली.* गूळ किंवा साखर जास्त झाली, सारणात मैदा नव्हता किंवा बटर गरम असतानाच लावलं गेलं. गरम बटर साखर विरघळवतं आणि खाली ओढून नेतं.

*थर सुटतच नाहीत.* काही जागी बटर लागलं नाही. ब्रश कडांपर्यंत न्या.

*वर करपला, आत कच्चा.* ओव्हन दाखवतो त्यापेक्षा गरम असण्याची शक्यता आहे. छोट्या ओटीजीच्या डायलवर सहसा फार भरवसा ठेवता येत नाही. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, किंवा पुढच्या वेळी 165 अंशांवर जास्त वेळ भाजा.

गव्हाचं पीठ, गूळ आणि इतर बदल

सगळा मैदा नको वाटत असेल तर एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 115 ग्रॅम, कणीक घाला. चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं, म्हणून दूध 20 ते 25 मिलिलिटर वाढवा आणि मळण्याआधीची विश्रांती अर्ध्या तासाची करा. पूर्ण कणकेचा ब्रेड होतो, पण कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं तोडतात, त्यामुळे थर जड राहतात. पहिल्याच प्रयत्नात तो करू नका.

सारणात साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ चांगला लागतो. गूळ पावडर घ्या किंवा गूळ बारीक किसून चाळा. गुळाला पाणी लवकर सुटतं, म्हणून सारणातला मैदा दोन छोटे चमचे करा.

अक्रोड, बदाम भरड करून साखरेत मिसळा. बेदाणे भिजवून, पुसून, थरांच्या आत ठेवा. वर राहिले तर करपतात. संत्र्याची साल फक्त केशरी भागापर्यंत किसून साखरेत चोळली तर दालचिनीचा वास खुलतो. सफरचंद घालायचं असेल तर तुकडे आधी तव्यावर परतून पाणी उडवा. कच्च्या फळाचं पाणी थरांत उतरतं आणि ब्रेड ओला राहतो. दालचिनीच्या जागी भरड कुटलेली वेलची घातली तर ब्रेड स्वीडनमधल्या बेकऱ्यांत मिळणाऱ्या वेलचीच्या बनच्या जवळ जातो.

रात्री मळा, सकाळी भाजा

रविवारी सकाळी गरम ब्रेड हवा असेल तर शनिवारी रात्री आठला पीठ मळा. अर्धा तास बाहेर ठेवून, झाकून, फ्रीजमध्ये टाका. गारव्यात यीस्ट मंद होतं, थांबत नाही. रात्रभरात पीठ फुगतं आणि चवही वाढते. गार पीठ लाटायला सोपं जातं, चिकटत नाही. सकाळी सातला काढा, साडेसातपर्यंत रचून होतं. पीठ गार असल्यामुळे दुसऱ्या फुगण्याला तास-सव्वा तास लागेल. पावणेनऊला ओव्हनमध्ये, साडेनऊपर्यंत बाहेर आणि पावणेदहाला ताटात.

उरला तर हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतो. पावसाळ्यात एकच दिवस धरा. फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या गारव्यात ब्रेडमधला स्टार्च सगळ्यांत लवकर कडक होतो आणि ब्रेड शिळा लागतो. जास्त ठेवायचा असेल तर तुकडे सुटे करून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चालतील. खाताना तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करा. मायक्रोवेव्ह असेल तर एका तुकड्याला पंधरा सेकंद पुरतात. जास्त झाले तर ब्रेड चिवट होतो.

पहिल्यांदा करताना इथलं प्रमाण तसंच ठेवा. दुसऱ्यांदा बदल करावासा वाटला तर आधी सारणात करा: गूळ घ्या, अक्रोड घाला, दालचिनी वाढवा, वेलची करून पाहा. तिथे चूक झाली तर चव थोडी इकडेतिकडे होईल, ब्रेड मात्र फुगलेलाच असेल. पिठाच्या साखरेला, बटरला आणि दुधाला मात्र हात लांबूनच जोडा.